केराबाईंचे चव्वेचाळीस ठोके

माझं नाव भारत सरवदे. सोलापुरात हृदयरोगाच्या एका दवाखान्यात मी एकोणीस वर्षं पट्टा चालवतो. पट्टा म्हणजे तो विजेवर फिरणारा. माणसाच्या छातीला वायरी चिकटवायच्या, त्याला पट्ट्यावर उभं करायचं, दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढवायचा आणि त्याचं हृदय किती ताण सोसतं ते पडद्यावर बघायचं. आजवर शिक्षक, वकील, चादरीचे व्यापारी, कुणाकुणाचे दम मी मोजलेत. माझं पोट मात्र शर्टाच्या गुंड्या तोडायला निघालंय. दिव्याखाली अंधार म्हणतात ते काही खोटं नाही.

स्वभावानं मी तापट आहे, हे आधीच कबूल करतो, कारण पुढचा सगळा घोळ त्याच तापटपणातून झाला. एकच गोष्ट मला दोनदा सांगायला लागली की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. पेशंटला सूचना देताना मी आगगाडीसारखा बोलतो आणि समोरच्याला कळलं का ते बघत नाही. घरी बायको म्हणते, लोकांच्या हृदयाची काळजी तुम्ही करताय आणि तुमची करायला मला ठेवलीय.

केराबाई आल्या त्या दिवशी आधीच तेरा पेशंट झाले होते. सांगोल्याच्या पुढं माळावरच्या एका वस्तीतली ही बाई. अंगानं शेवग्याची शेंग, वजन सेहेचाळीस किलो, कपाळावर आडवं ठळक कुंकू, पायात जाडजूड कातडी वहाणा. वय विचारलं तर म्हणाल्या, बाहत्तरच्या दुष्काळात मी धा वर्सांची व्हते आन् मेंढरं राखत व्हते. म्हणजे बासष्ट-त्रेसष्ट धरा. तेव्हापासून आजपर्यंत लग्नाचे आणि बाळंतपणाचे दिवस सोडले तर ही बाई रोज मेंढरांमागं चालत आली होती.

झालं होतं असं. मोतीबिंदूच्या शिबिरात त्यांची नाडी मोजली, ती निघाली मिनिटाला चव्वेचाळीस. तुमची-आमची सत्तर-ऐंशी असते. तिथल्या माणसानं दोनदा मोजली, तिसऱ्यांदा मोजली आणि डोळ्याचं राहू द्या, आधी हृदय दाखवा, असं सांगून परत पाठवलं. गावाकडच्या कुणा शहाण्यानं त्यात तेल ओतलं, की असा ठोका मंद होत होत एक दिवस थांबतोच. झालं, त्यांच्या मुलाची, धनाजीची, पाचावर धारण बसली.

धनाजी चाळिशीचा, दुधाच्या टेम्पोवर ड्रायव्हर, अंगानं भरलेला, रागानंही भरलेला. त्याचा राग मला पहिल्यांदा उगाच वाटला. मग कळलं की सहा वर्षांपूर्वी त्याचा बाप सिद्धनाथ मेंढरांमागं गेला तो माळावरच पडला. संध्याकाळी मेंढरं एकटीच वस्तीवर आली, तेव्हा घरच्यांना कळलं. आता आईचंही तसंच व्हायचं, या भीतीनं त्याला झोप नव्हती. त्यानं ठरवून टाकलं होतं, नव्वदच्या नव्वद मेंढरं विकायची आणि आईला घरी बसवायचं.

केराबाईंनी यावर फार वाद घातला नाही. त्यांनी आमच्या दाक्षायणी मॅडमना एवढंच विचारलं की मेंढरं गेल्यावर सकाळी उठून मी कुटं जायाचं. मॅडम हृदयाच्या डॉक्टर, बोलायला मऊ आणि हिशेबाला कडक. त्या म्हणाल्या, ठोका मंद असण्याची कारणं दोन. एक तर हृदयाला हुकूम देणारी आतली वायरिंग थकलीय, नाही तर हृदयच इतकं ताकदीचं झालंय की त्याला जास्त वेळा ठोकायची गरज उरलेली नाही. कुठलं कारण खरं ते हृदयाला कामाला लावल्यावर कळतं. ताकदीचं हृदय काम वाढलं की ठोके वाढवतं, थकलेलं वाढवू शकत नाही. वाढले तर मेंढरं राहतील. नाही वाढले तर छातीत यंत्र बसवायचं आणि रान बंद.

असं सगळं माझ्या पट्ट्यावर येऊन ठेपलं, आणि मी घाईत होतो.

दवाखान्याचे बूट त्यांच्या पायांना मोठे होत होते. ते घालून त्या पट्ट्यावर चढल्या आणि समोरचा लोखंडी कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. मी नेहमीच्या सुरात म्हटलं, कठड्याला नुसतं बोट लावायचं, भार द्यायचा नाही. त्यांनी मान डोलावली आणि मी पडद्याकडं वळलो. पट्टा फिरला, चढ वाढला. ठोके चव्वेचाळीसचे अठ्ठावन्न झाले, मग सदुसष्ट, मग ब्याऐंशी आणि तिथंच अडकले. एवढ्यात डाव्या पायातला बूट निसटला, त्या झोकांडल्या, धनाजी बास करा म्हणून ओरडला आणि मी पट्टा थांबवला. कागदावर लिहिलं गेलं, ठोके अपेक्षेइतके वाढले नाहीत.

मॅडम म्हणाल्या, यावरून मला नक्की सांगता येणार नाही, चाचणी पुन्हा करू. धनाजीनं त्यातलं फक्त वाढले नाहीत एवढंच ऐकलं. येत्या बाजाराच्या आदल्या दिवशी गिऱ्हाईक बोलावतो, असं तो तिथंच फोनवर कुणाला तरी सांगायला लागला. केराबाई वहाणा घालत मला म्हणाल्या, "दादा, जागच्या जागी चालायचं आन् कुटंच पोचायचं न्हाय, ह्याला काय चालनं म्हनायचं? मी पुन्यांदा त्याच्यावर चढायची न्हाय."

मला राग आला. एकोणीस वर्षांच्या माझ्या पट्ट्याला नावं ठेवायची म्हणजे काय.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर येताना हैदराबाद रोडच्या कडेला एक मेंढरांचा कळप चरत होता. राखणारा माणूस काठी काखेत घेऊन उभा होता. नीट बघितलं तर तो उभा नव्हताच, अंगाचा निम्मा भार त्यानं काठीवर टाकला होता आणि एक पाय दुसऱ्यावर तिरका ठेवून तो निवांत होता. मी गाडी बाजूला घेतली आणि कपाळावर हात मारून घेतला. केराबाईंनी आयुष्यभर काठी धरली होती. हातात काही धरायला आलं की त्यावर भार टाकून पायांना विसावा द्यायचा, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. काल त्यांनी माझ्या कठड्याची काठी केली होती. चढ वाढत होता, पण त्या चढाचं काम कठडा करत होता आणि मी बावळटासारखा आकडे लिहून घेत होतो.

हे मी मॅडमना सांगितलं, बूट मोठे होते हेही सांगितलं. त्या मला पाच मिनिटं बोलल्या आणि त्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता. कुणाच्या तरी साठ वर्षांच्या जगण्याचा निकाल माझ्या घाईनं लागत होता. मला फार लाज वाटली.

पट्ट्यावर तर बाई चढणार नव्हत्या. मॅडमनीच मार्ग काढला. आमच्याकडं कमरेला बांधायची एक छोटी पेटी असते, तिच्या वायरी छातीला चिकटवल्या की चोवीस तासांचा ठोकान् ठोका ती नोंदवून घेते. केराबाईंना कधी चक्कर आली नव्हती आणि झोपवून काढलेल्या ईसीजीच्या साध्या पट्टीवरही काही वाईट दिसत नव्हतं, म्हणून मॅडम म्हणाल्या, पेटी लावून त्यांना त्यांच्या रानात चालू दे, पण तू दिवसभर बरोबर राहा आणि काय केव्हा घडलं ते घड्याळ बघून लिही. धनाजीला फोन केला. तो आधी चिडला. मग म्हणाला, परवा गिऱ्हाईक येणार आहे, उद्याचा एक दिवस देतो.

भल्या सकाळी मी वस्तीवर पोचलो. मी दाराबाहेरून सांगत गेलो आणि सुनेनं आत वायरी चिकटवल्या. केराबाईंनी पेटी पदरात गुंडाळून कमरेला खोचली, बाजरीची एक भाकरी शेंगाच्या चटणीबरोबर खाल्ली, दुसरी फडक्यात बांधली आणि आम्ही निघालो. पुढं नव्वद मेंढरं, मागं त्या, त्यांच्या मागं मी, पाठीवर पाण्याच्या दोन बाटल्या आणि हातात वही.

पहिला अर्धा तास मला वाटलं, यात काय मोठंसं, बाई तर हळूच चालताहेत. तासाभरात माझी बनियन भिजली. दोन तासांनी मी देवाधर्माला न मानणारा माणूस मनातल्या मनात बुद्धं सरणं म्हणायला लागलो. त्या मात्र सकाळी निघाल्या त्याच चालीनं जात होत्या. ओढ्यात उतरताना तीच चाल, चढताना किंचित आखूड पावलं, पण थांबणं नाही. मधूनमधून त्या मेंढरांना हाळी द्यायच्या, लांबलचक, माळाच्या पार टोकाला जाईल अशी. मी विचारलं, इतक्या वेळा हाळी कशाला देता, मेंढरं तर समोरच आहेत. त्या म्हणाल्या की सासूनं शिकवलंय, हाळी मधेच तुटली तर समजायचं आपली चाल चुकली, पाय आवरायचे. सबंध हाळी निघते तोवर दिवसभर चालता येतं.

मी तिथंच उभा राहिलो. आमच्या शास्त्रात हेच मोठमोठ्या शब्दांत लिहिलेलं आहे. चालताना पूर्ण वाक्य बोलता येतंय तोवर शरीर हवेच्या जोरावर चरबी निवांत जाळत असतं. वाक्य तुटायला लागलं की समजावं, आता साखरेवर हात पडला. हे मी कोर्सला पाठ केलं होतं आणि परीक्षेत मार्क मिळवले होते. या बाईच्या सासूला ते कुणी शिकवलं होतं, आणि तिच्या सासूला कुणी, ते सांगता येत नाही.

दुपारी बाभळीखाली बसलो. भाकरी मोडता मोडता त्यांनी विचारलं की ही भाकरी पायात उतरते कशी. एकोणीस वर्षांत मला हा प्रश्न कुठल्या वकिलानं विचारला नव्हता. मी नेहमीसारखा आगगाडी सोडणार होतो, पण थांबलो आणि चुलीवरून सांगायला लागलो.

म्हटलं, मावशी, चूल पेटवताना आधी चिपाडाचा भडका करता, मग काटक्या घालता आणि मग शेणी रचता. अंगातही तसंच आहे. स्नायूत एक तयार जाळ असतो, अगदी चिमूटभर, दोन-तीन सेकंदांत संपणारा, आणि त्याला लगेच भरून देणारा थोडा साठा, सगळं मिळून दहा सेकंदांचं काम. कुत्रं अंगावर आलं की माणूस उडी मारतो ती यावर. मग साखरेच्या काटक्या. त्या झटपट पेटतात, हवा कमी पडली तरी पेटतात, पण तेव्हा धूर करतात आणि मांड्या भरून येतात. आणि खाली शेणी, म्हणजे चरबी. ती सावकाश पेटते, तिला भरपूर हवा लागते, पण एकदा धरली की विझत नाही.

त्यांनी स्वतःच्या काटकुळ्या दंडाकडं बघितलं आणि माझ्याकडं. यात चरबी कुटं हाय, असं त्यांचं म्हणणं होतं. मी वहीच्या मागं हिशेब मांडला. साखरेचा साठा साधारण पाच भाकरींचा निघाला. आणि त्या वाळक्या अंगातल्या आठ किलो चरबीत अडीचशे भाकरींचं बळ होतं. अडीचशे. आकडा मी दोनदा करून बघितला, कारण पुस्तकात वाचलेली गोष्ट अशी समोर मांडी घालून भाकरी खात बसलेली मी कधी बघितली नव्हती.

फरक एवढाच की ती चरबी जाळायच्या चुली माझ्याजवळ थोड्या आणि त्यांच्याजवळ भरपूर होत्या. स्नायूच्या प्रत्येक पेशीत डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चुली असतात. रोज चालणाऱ्या माणसाच्या अंगात त्या वाढत जातात, त्यांना हवा पोचवायला केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं. बसून राहिलं की शरीर त्या चुली मोडून टाकतं, कुणाला विचारत नाही. हे सगळं रक्त पोचवायला हृदय एकेका ठोक्याला जास्त भरायला शिकतं. माझं हृदय ज्या कामाला दोन ठोके घेतं ते केराबाईंचं एकात उरकत असावं, असं मला वाटत होतं. असावं, असं म्हणतो, कारण ते अजून ठरायचं होतं.

आणि त्या तयार जाळाची तर कमालच आहे. आत्ता या क्षणी तो अंगात वाटीभरही नसतो. तो जळतो, पुन्हा बनतो, पुन्हा जळतो, आणि दिवसभरात बनून गेलेला सगळा एका तागडीत घातला तर माणसाच्या वजनाइतका भरतो. म्हणजे ही बाई रोज माळावर निदान एक आख्खी केराबाई जाळायची आणि संध्याकाळी घरी परत यायची. पन्नास वर्षं. मला गहिवरून आलं, उगाच कशाला लपवू. मी तोंड फिरवून पाणी प्यालो.

हे सगळं ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "मंजी भाकरीनं भागत न्हाय, हवाबी खावी लागती."

साडेतीनच्या सुमारास उन्हानं माळ भाजत होता. पलीकडच्या चढावर एक डाळिंबाची बाग होती आणि तिच्या बांधावर औषधाचं पिवळं पिंप दिसत होतं. म्हणजे त्याच दिवशी फवारणी झालेली. मला त्याचं काही वाटलं नाही. केराबाई मात्र एकदम ताठ झाल्या. कळपातली पुढची पाच-सहा मेंढरं कुंपणाच्या फटीकडं वळली होती. मेंढरू म्हणजे मेंढरूच, एक शिरलं की नव्वद शिरणार, आणि त्या पानांना तोंड लावलं की संध्याकाळपर्यंत माळावर मढी पडणार.

त्यांनी वहाणा तिथंच सोडल्या आणि त्या धावल्या.

तीन-सव्वातीनशे पावलांचा चढ, खडी आणि काटे. त्रेसष्ट वर्षांची बाई काष्टा सावरत त्या चढावर अशी गेली की मी बघतच राहिलो. पहिल्यांदा डोळे फाटले आणि मग आठवलं. कमरेला पेटी होती. मॅडमची शंका खरी असेल तर या हृदयाला ठोके वाढवता येणार नव्हते, आणि वाढवता आले नाहीत तर बाई त्या चढावरच कोसळणार होत्या. मीच त्यांना रानात आणलं होतं. मी ओरडलो, मावशी थांबा, आणि मागून पळालो. तीस पावलांत माझा घसा लोखंडासारखा झाला, मांड्या दगड झाल्या आणि मी गुडघ्यांवर हात ठेवून वाकलो. माझ्या चिपाडाचा भडका संपला होता, काटक्यांचा धूर झाला होता आणि शेणी पेटवायला माझ्याकडं चुलीच नव्हत्या.

मान वर केली तेव्हा त्या फटीपाशी पोचल्या होत्या. पुढच्या मेंढीला त्यांनी कानाला धरून मागं ओढलं, फटीत स्वतः आडव्या उभ्या राहिल्या आणि बाकीच्यांना काठीनं हुसकलं. कळप वळला. त्यांनी हाळी दिली. ती अर्ध्यात तुटली. दोन्ही हात कुंपणाच्या खांबावर टेकून त्या खाली मान घालून उभ्या राहिल्या. मी घड्याळाकडं बघत होतो. मिनिट गेलं. दुसरं अर्धं होत आलं. मग त्या सरळ झाल्या, पदर नीट केला आणि पुन्हा हाळी दिली. ती माळाच्या पार टोकाला गेली. वहीत मी लिहिलं, तीन बेचाळीस, चढावर धाव. अक्षर माझं मलाच नंतर लागेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी धनाजी टेम्पो घेऊन, त्यात आईला बसवून दवाखान्यात आला. गिऱ्हाईक वस्तीवर दुपारी येणार होतं. मॅडमनी पेटी संगणकाला जोडली. आम्ही तिघं मागं उभे राहिलो. झोपेत अडतीस. मॅडमनी रेघ पुढं सरकवली. सकाळच्या चालीत बहात्तर ते अठ्ठ्याऐंशी, तासन् तास, सुतानं आखल्यासारखे. बाभळीखाली एक्कावन्न. मग मॅडमनी माझी वही मागितली, तीन बेचाळीसवर बोट ठेवलं आणि पडद्यावर तीच वेळ काढली. रेघ उठली होती. नव्वद, एकशेअकरा, एकशेतीस, एकशेअठ्ठेचाळीस. एकही ठोका चुकलेला नव्हता, एकही अडखळलेला नव्हता. आणि थांबल्यावर एका मिनिटात ती रेघ पन्नास ठोके खाली उतरली होती.

मॅडमनी चष्मा काढला. त्या म्हणाल्या की असं हृदय त्यांनी पळणाऱ्या खेळाडूंत बघितलंय, तेही पंचविशीतल्या. या वयात बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं. मग धनाजीकडं वळून त्यांनी स्पष्ट सांगितलं की आईला यंत्र नको, औषध नको, मोतीबिंदू खुशाल काढा. मेंढरं विकू नका. बसवून ठेवलंत तर हे जे पन्नास वर्षांत बांधलंय ते बघता बघता खाली येईल.

धनाजीनं पडद्याकडं बघितलं, आईकडं बघितलं आणि रडायलाच लागला. एवढा मोठा माणूस, हुंदके देऊन. त्यानं तिथूनच फोन लावला आणि गिऱ्हाइकाला येऊ नका म्हणून सांगितलं. माझा जीव भांड्यात पडला. मी वायरी गोळा करायला लागलो.

केराबाई जागच्या हलल्या नाहीत. मॅडमच्या टेबलाला हात लावून त्या म्हणाल्या, "बाई, माजं झालं. आता ह्याचं बगा."

धनाजी म्हणाला, माझं काय बघायचं, मला काय धाड भरलीय.

"दुधाचं क्यान उचलताना तुजा दम तुटतोय," केराबाई म्हणाल्या. "दोन सालं बगतीया. डावा हात दाबत बसतोस. दवाखान्यात चल म्हनलं तर येत न्हवतास. माज्यासाटी मातर पळत आलास. आन् माजं निवाडल्याबिगर तू तुजं बगू दिलं नसतंस." मग त्यांचा आवाज खाली आला. "तुज्या बाचाबी आसाच तुटत व्हता. तवा मला कळलं न्हाय."

चव्वेचाळीस ठोक्यांची भीती त्या बाईला कधीच नव्हती. तिला तिच्या हृदयाचं पक्कं माहीत होतं, रोज हाळी देऊन ती ते तपासत होती. मेंढरं जातील हे दिसत असूनही ती माझ्या मोठ्या बुटांत पाय घालून पट्ट्यावर चढली होती, कारण पोराला या दारापर्यंत आणायला तिच्याकडं दुसरं काही नव्हतं.

मॅडमनी आधी त्याची साधी पट्टी काढली, ती नीट बघितली आणि मग मला मान हलवून पट्ट्याची खूण केली. धनाजीनं शर्ट काढला. वायरी चिकटवताना माझ्या बोटांखाली त्याचं हृदय धाडधाड उडत होतं, उभ्या उभ्या एकशेचार. मी त्याला सगळ्या सूचना सावकाश दिल्या आणि कळलं का ते दोनदा विचारलं. चौथ्या मिनिटाला त्याच्या ईसीजीची रेघ खाली वाकली, हृदयाला रक्त कमी पडतंय याची ती खूण, आणि मॅडमनी लगेच हात वर केला. मी पट्टा थांबवला.

त्याच आठवड्यात त्याच्या हृदयाची एक नळी मोकळी केली, नव्वद टक्के बुजलेली. मॅडम म्हणाल्या, आणखी महिनाभर क्यान उचलले असते तर हा पोरगा आपल्याला दिसला नसता. केराबाई तेव्हा बाहेर बाकावर बसल्या होत्या. मी जाऊन सांगितलं की सगळं नीट झालं. त्यांनी माझा हात धरला. तो धरलेला असताना सवयीनं माझं बोट त्यांच्या मनगटावर गेलं. ठोके एकशेदहाच्या वर होते, आणि बाई सकाळपासून बाकावरून उठलेल्या नव्हत्या.